टायबेरियसचा देनारियस: पुस्तकात ‘सी’, विक्रेता म्हणतो ‘अतिदुर्मीळ’. खरं काय?

तुम्ही विचारलंय की विक्रेता रोमन सम्राट टायबेरियसचा देनारियस (चांदीचं रोमन नाणं) अतिदुर्मीळ म्हणून विकतोय, पण ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ (आरआयसी) या रोमन नाण्यांच्या प्रमाण सूचीग्रंथात त्यापुढे ‘सी’, म्हणजे ‘कॉमन’, आहे, मग विश्वास कुणावर ठेवायचा. माझं मत स्पष्ट आहे: पुस्तकावर. हे नाणं महाग आहे, दुर्मीळ नाही. ‘सीझरचं ते सीझरला द्या’ या बायबलमधल्या प्रसंगातलं नाणं हेच, असं परंपरेनं मानलं जातं. त्यामुळे एरवी नाणी न जमवणारेही ते घेतात आणि भाव चढा राहतो.

आता व्हरायटी. एका बाजूला सम्राटाचं डोकं, दुसऱ्या बाजूला आसनावर बसलेली स्त्री (बहुतेक जण तिला लिव्हिया, म्हणजे टायबेरियसची आई, मानतात) आणि ‘पोंटिफ माक्सिम’ (मुख्य पुरोहित) ही अक्षरं. टांकसाळ लुग्दुनुम, म्हणजे आजचं फ्रान्समधलं लियाँ. हा छाप वर्षानुवर्षं चालला, म्हणून फरक बारीक आहेत: आसनाचे पाय साधे की नक्षीदार, हातात राजदंड की भाला, पायाखाली रेघ एक की दोन. भिंग घेऊन आधी एवढं कागदावर लिहून काढा, मगच पुस्तक उघडा. उलट क्रमानं गेलं की जे चित्र आधी दिसतं तेच आपल्या नाण्यात दिसायला लागतं. क्रमांक लिहिताना आवृत्तीही लिहा. पहिल्या खंडाची जुनी आवृत्ती १९२३ची, सुधारित १९८४ची, आणि दोन्हींतले क्रमांक जुळत नाहीत. पुस्तक हाताशी नसेल तर अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचं ‘ओसीआरई’ हे ऑनलाइन सूचीस्थळ फुकट आहे, छायाचित्रांसकट.

‘सी’, ‘आर’ (म्हणजे ‘रेअर’, दुर्मीळ), ‘आर२’पासून ‘आर५’पर्यंतची अक्षरं मात्र जपून वाचा. मोठ्या संग्रहांत तो प्रकार किती वेळा आढळला, एवढंच ती सांगतात. संग्रहालयं प्रत्येक प्रकाराचा एखादा नमुना ठेवतात, ढीग साठवत नाहीत. शिवाय खंड छापल्यानंतर सापडलेले साठे (एकत्र पुरलेली नाणी) त्यात नसतात. म्हणून मला साठ्यांच्या याद्या जास्त भरवशाच्या वाटतात. बल्गेरियात रेका देव्निया इथे १९२९मध्ये ८० हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांची प्रकारवार मोजणी १९३४मध्ये छापली गेली, आणि सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळातल्या नाण्यांसाठी ती आजही उघडावी लागते. सम्राटांच्या आधीच्या रोमन प्रजासत्ताक काळासाठी मायकल क्रॉफर्डचा १९७४चा ‘रोमन रिपब्लिकन कॉइनेज’ हा ग्रंथ घ्या. त्यात अनेक प्रकारांना किती ठसे (नाणी पाडायचे साचे) वापरले याचे अंदाज आहेत, आणि मूळ उत्पादन किती होतं हे ठशांवरून जास्त नीट कळतं.

टायबेरियसच्या बाबतीत तर साठे आपल्याच देशात आहेत. दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन चांदीत दोनच छाप पुन्हा पुन्हा येतात: टायबेरियसच्या आधीचा सम्राट ऑगस्टस याचा, त्याचे नातू गायस आणि लुसियस दाखवणारा, आणि हा. पॉला टर्नर यांचं १९८९चं ‘रोमन कॉइन्स फ्रॉम इंडिया’ मिळवून वाचाच. इथे या नाण्यांच्या स्थानिक नकलाही झाल्या, ज्यांवरची अक्षरं विस्कटलेली असतात. काही नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव असतो. तुमच्या नाण्यावर यातलं काही दिसलं तर ते ‘खराब’ म्हणून बाजूला टाकू नका, मला तेच जास्त आवडेल.

आणि विक्रेत्याला एकदा विचारा: मागच्या बाजूला चार घोड्यांचा रथ असलेला टायबेरियसचा देनारियस आहे का? तो खरोखर कमी मिळतो.