इंजिनिअरिंग करता करता बीएस्सी मॅथ्स पण करू का?

प्रश्न: सर, मी पुण्यात ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) सेकंड इयरला आहे. बाकीचे विषय कसेबसे ढकलतोय पण एम-थ्री (इंजिनिअरिंग मॅथ्सचा तिसरा पेपर) घेऊन बसलं की वेळ कसा जातो कळत नाही. आता म्हणे एकाच वेळी दोन डिग्र्या चालतात, तर इग्नू या मुक्त विद्यापीठातून बीएस्सी मॅथ्स सोबत करू का? मित्र म्हणतो प्लेसमेंटला भाव मिळेल, बाबा म्हणतात आधी एक धड कर. मला खरं तर पुढे मॅथ्समध्येच मास्टर्स करावंसं वाटतंय.
– एक वाचक, पुणे

उत्तर: चालतात, यूजीसीने एप्रिल २०२२ मध्येच परवानगी दिलीये. दोन्ही कॉलेजात जाऊन करायच्या तर लेक्चर्सच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत, नाहीतर एक कॉलेजात आणि दुसरी डिस्टन्स किंवा ऑनलाइन. पण माझं मत विचारशील तर आत्ता नको.

कारण एम-थ्री आवडतं म्हणजे मॅथ्स आवडेलच असं नाही रे. एम-थ्रीत काय असतं, पद्धत माहीत असते, आकडे घालायचे, उत्तर आलं की मस्त वाटतं, आणि बीएस्सीच्या रिअल अ‍ॅनालिसिसमध्ये उत्तर आधीच दिलेलं असतं, ते खरं का आहे हे तुला लिहायचं असतं. फोरियर सिरीज, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी वेव्ह साइन-कोसाइनच्या बेरजेत मांडायची, ती तू केलीच असशील. स्क्वेअर वेव्हच्या दहा टर्म्स घेऊन मॅटलॅबवर प्लॉट काढ, जिथे वेव्ह उडी मारते तिथे कडेला एक शिंग वर आलेलं दिसेल. मग शंभर घे, हजार घे. शिंग बारीक होत होत उडीला चिकटतं पण त्याची उंची काही केल्या जात नाही, उडीच्या साधारण ९ टक्के राहतेच, आणि तरी पुस्तक म्हणतं सिरीज कन्व्हर्ज होते, म्हणजे मूळ वेव्हला जाऊन मिळते. आता हे बघून तू 'बरं' म्हणून पुढचं गणित सोडवायला घेतलंस तर तू चांगला इंजिनिअर आहेस, काही बिघडलं नाही. पण असं कसं, कन्व्हर्ज म्हणजे नक्की काय, यात रात्रीचे दोन वाजले तर मग आपण बोलू.

मास्टर्सचं म्हणशील तर त्यासाठी बीएस्सी लागतेच असं नाही. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट), दोन्हीकडे मॅथ्सच्या मास्टर्सला बीई-बीटेकवाले बसू शकतात. एंट्रन्सला मात्र कोणी दयामाया दाखवत नाही, अ‍ॅनालिसिस, लिनिअर अल्जिब्रा, ग्रुप थिअरी सगळं प्रूफसकट येतं. म्हणजे तुला लागणार आहे ती तयारी, दुसरं सर्टिफिकेट नाही. एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सेसची साइट) रिअल अ‍ॅनालिसिसची लेक्चर्स फुकट आहेत, या सुट्टीत एक कोर्स लाव आणि प्रत्येक थिअरमला व्हिडिओ थांबवून आधी स्वतः प्रूफ लिहून बघ (सुरुवातीला एकही जमणार नाही, सगळ्यांचं तेच होतं).

दोन डिग्र्या एकत्र करणारे आहेतच, बिट्स पिलानीच्या गोवा कॅम्पसला एमएस्सी मॅथ्सला घेतात आणि पहिल्या वर्षाच्या सीजीपीएवर इंजिनिअरिंगची ब्रांच देतात, पाच वर्षांत दोन्ही डिग्र्या. पण तिथे एकच संस्था टाइमटेबल जुळवते. तुझं तसं नाही, इग्नूची परीक्षा जून आणि डिसेंबरला, तुमची एंडसेम पण त्याच सुमारास, एकाच दिवशी दोन पेपर आले तर दाद कोणाकडे मागणार? शिवाय बीएस्सीत नुसतं मॅथ्स नसतं, सोबत बाकीचे विषयही घ्यावे लागतात. एक ढीग तू आत्ताच ढकलतोयस.

प्लेसमेंटचं मित्राला म्हणावं, डिस्टन्सची अर्धवट बीएस्सी बघून कोणी पॅकेज वाढवत नाही, इंटरव्ह्यूत प्रोबॅबिलिटी विचारतील ती आली पाहिजे.

बाबांचं अर्धं बरोबर आहे. बॅकलॉग राहून बीई लांबली तर या एंट्रन्सना बसून तरी काय उपयोग, म्हणून आधी या सेमचे सगळे विषय सुटू देत, आणि सिग्नल्स अँड सिस्टिम्स तरी ढकलू नकोस, त्यात अर्धं तुझंच मॅथ्स आहे.