अमेरिकेतला कॉर्डलेस आणि कन्नडमधला कागद

निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्यांचा प्रश्न आलाय. भाच्यानं अमेरिकेहून कॉर्डलेस फोनचा सेट आणला, यांनी तो नेटवरून फोन लावून देणारा अडॅप्टर लावून ब्रॉडबँडच्या राउटरला जोडला, एक हँडसेट घरात, एक मागच्या वखारीत, झकास चाललं. मग मोबाईल कंपनीची माणसं अँटेना घेऊन दारात, तुमच्यामुळं आमच्या टॉवरला त्रास होतोय, सेट द्या, या कन्नड कागदावर सही करा. जेल होईल का, विचारतायत.

भाऊ, आधी बेसचा, म्हणजे सेटच्या मुख्य डब्याचा, प्लग काढा, मग पुढचं वाचा.

नेटवरून बोलणं गुन्हा नाही, इंटरनेट टेलिफोनी आपल्याकडं 1 एप्रिल 2002 पासून चालू आहे. घोळ आहे तो रेडिओचा. बेस उलटा करून स्टिकर बघा, डेक्ट 6.0 (अमेरिकेतल्या कॉर्डलेसचा एक प्रकार) लिहिलेलं असणार, म्हणजे तो 1920 ते 1930 मेगाहर्ट्झवर चालतो. तिकडं ते कायदेशीर आहे, पण इकडं 1920 ते 1980 हा पट्टा मोबाईलकडून टॉवरकडं जाणाऱ्या सिग्नलचा, आणि तुमचा बेस कुणी बोलत नसलं तरी सिग्नल सोडतच राहतो, त्यामुळं हँडसेट ठेवून दिला म्हणून भागत नाही.

परवान्याशिवाय असा ट्रान्समीटर बाळगायला 1933 च्या वायरलेस कायद्यात 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि 2023 च्या नव्या टेलिकॉम कायद्यातही परवानगी लागतेच. पण घरगुती सेट, पहिलीच वेळ, कळल्याबरोबर बंद केला, हे लेखी असलं तर माझ्या मते तुरुंगापर्यंत गोष्ट जात नाही.

कंपनीच्या माणसाला सेट जप्त करायचा अधिकार नाही, तो सरकारच्या अधिकृत अधिकाऱ्याला. कन्नड वाचता येत नसेल तर सही अजिबात करू नका, कॉपी मागा, ओळखीच्या माणसाकडून वाचून घ्या. सेट कुणाला विकू किंवा देऊ नका, स्टिकरचा फोटो काढून खोक्यात ठेवा. दूरसंचार खात्याला अर्ज मराठीतून करता येतो, घटनेचं कलम 350 आहे त्यासाठी, सोबत इंग्रजी जोडा म्हणजे काम लवकर होतं.

एक मात्र खरं सांगा, त्या अडॅप्टरला लँडलाइनही जोडलीय का, आणि परदेशातले दुसऱ्यांचे कॉल तिच्यावरून फिरवून देताय का? तसं असेल तर मामला वेगळा, 2023 च्या कायद्याचं कलम 42, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही, मग कुणालाही जबाब द्यायच्या आधी वकील गाठा.

नवा सेट घेताना 2.4 गिगाहर्ट्झचा, भारतात मान्यता मिळालेला बिलासकट घ्या, तो याच अडॅप्टरला लागतो.