दूध घेणारे लोक दुभत्या जनावरांमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा विचार करतात का? दूध सोडावं का?

आमच्या बेळगावात तरी कुणी करत नाही. मी येळ्ळूरची. घरच्या म्हशींचं दूध टिळकवाडीत रतीबाला घालते. गिऱ्हाईक विचारतं ते एवढंच: पाणी घातलंय का, साय पातळ का आली, दर परत का वाढवला? जनावरांच्या पोटात तयार होऊन हवा तापवणारा वायू म्हणजे मिथेन, त्याचं नाव आजवर एकाही दारात निघालेलं नाही.

निघालं ते आमच्याच घरात. गणपतीला पुण्याहून धाकटे दीर आले होते. भरल्या पंगतीत म्हणाले, "वहिनी, म्हशी काढून टाका आता. यांच्यामुळं जगाची हवा तापते. आम्ही ओट्सचं दूध सुरू केलंय." सासूबाई मान खाली घालून वाढत राहिल्या. मला ते फार लागलं. भाऊजींच्या इंजिनिअरिंगची फी याच दुधावर भरली होती.

जेवणं झाल्यावर त्यांना गोठ्यात नेलं. म्हशींपुढं भाताची पिंजर होती. उसाच्या तोडणीत वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मिळतं, वर थोडी सरकी पेंड. पिंजर आणि वाडं माणसाच्या ताटात येणार आहे का? शेण गोबर गॅसला जातं, त्यावर आमच्या भाकऱ्या होतात. टाकीतून निघणारी स्लरी भाताला जाते, युरिया तेवढा कमी लागतो. भाऊजी नाकाला रुमाल लावून शेणाकडंच बघत होते. शहरातल्या माणसाचं हेच होतं, जिथं वास तिथं प्रदूषण. मिथेनला वासच नसतो आणि तो बहुतेक रवंथ करताना म्हशीच्या तोंडातून, ढेकरेतून बाहेर पडतो.

आता हेही सांगते, मिथेन खोटा नाही. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट हवा तापवतो. माणसामुळं हवेत जाणाऱ्या सगळ्या हवा तापवणाऱ्या वायूंमध्ये जगातल्या पाळीव जनावरांचा मिळून वाटा १४.५ टक्के, असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं २०१३ साली मांडलं होतं. जनावर दूध कमी देत असेल तर लिटरमागं मिथेन जास्त पडतो, आणि आपल्याकडं कमी दुधाची जनावरंच जास्त. बेंगळुरूच्या पशुपोषण संस्थेनं मिथेन कमी करणारं 'हरित धारा' नावाचं पूरक खाद्य काढलंय. असलं काही डेअरीत स्वस्तात मिळालं तर मी उद्यापासून घालीन. पावसाळ्यात उकिरडा नाल्यात वाहू देणारे गोठेही आहेत, त्यांची बाजू मी घेणार नाही.

तुम्ही दूध सोडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण ज्याच्याकडून घेता त्याला विचारा, वैरण कुठली आणि शेण जातं कुठं. आणि घरातल्या बाईला म्हशी विकायला सांगणार असाल, तर दर दहा दिवसांनी तिच्या हातात येणारा दुधाचा पैसा पुढं कोण देणार, हेही त्याच पंगतीत सांगा.