टायमिंग बेल्ट घरी बदलताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मारुती ८००, २००९ची. चालली जेमतेम ३५ हजार. बेल्ट ठणठणीत दिसतो. तरी बदलू?

बदला. टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो दांडा) आणि कॅम (वाल म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना एकत्र फिरवणारा दातेरी रबरी पट्टा. रबर गाडी उभी असली तरी म्हातारं होतं, म्हणूनच मॅन्युअलमध्ये किलोमीटरसोबत वर्षंही दिलेली असतात. जे आधी भरेल ते धरायचं. जुना बेल्ट उतरला की दात बाहेर येतील असा वाकवून बघा, मुळाशी बारीक चिरा सापडतील. सोबत टेन्शनरही (बेल्ट ताणून धरणारी चाकी) नवा टाका. जुन्याचं बेअरिंग अडकलं तर नवा बेल्टही घेऊन जाईल. ऑइल सील (दांड्याभोवतीची तेल अडवणारी रिंग) पाझरत असेल तर तेही आत्ताच. बेल्टला तेल सोसत नाही.

प्रश्न: स्विफ्ट डिझेल १.३चा टायमिंग बेल्ट कितीला पडेल?

फुकट. त्या इंजिनात बेल्ट नाहीच, चेन आहे.

प्रश्न: जुन्या बेल्टवर आणि तो ज्यांवर बसतो त्या दातेरी गिअरवर व्हाइटनरने खुणा करून नवा तसाच चढवला तर?

खुणा करा, पण विश्वास गिअरवर आणि इंजिनवर असलेल्या कंपनीच्या खुणांवर ठेवा. आधीचा मिस्त्री एक दात चुकला असेल तर तुम्ही त्याची चूकच उतरवून घ्याल.

त्या खुणा अशा जुळवा: गाडी न्यूट्रलमध्ये, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, स्पार्क प्लगही काढलेले. आता क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन चालतं त्याच दिशेने फिरवा. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. म्हणून क्रँकची खूण जुळली नि कॅमची भलतीकडे दिसली तर अजून एक फेरा द्या. दोन्ही जुळल्यावरच टेन्शनर सैल करायचा. बेल्ट निघाला की क्रँक, कॅम दोघांनाही हात लावू नका.

नवा बेल्ट घालताना टेन्शनर नसलेली बाजू ताठ हवी. टेन्शनर आवळला की पान्याने दोन पूर्ण फेरे द्या आणि पुन्हा खुणा बघा. मध्ये टणक अडलं तर जोर करू नका. बऱ्याच इंजिनांत टायमिंग चुकलं की पिस्टन वालला टेकतो. पान्याने फिरवताना ते हाताला कळतं. सेल्फ (स्टार्टर) मारलात तर वाल वाकतात आणि इंजिनचं हेड उतरवावं लागतं. (त्या दोन फेऱ्यांनंतर बेल्टवरची व्हाइटनरची खूण सरकलेली दिसेल. त्याने दचकू नका, बघायच्या त्या कंपनीच्या खुणा.)

प्रश्न: बेल्ट बदलल्यापासून पिकअप नाही, उभ्या जागी थरथरते.

बहुधा एक दात चुकलाय. चालवत गॅरेजला नेऊ नका. कव्हर उघडून खुणा बघा. शिट्टीसारखा आवाजही येत असेल तर बेल्ट जास्त ताणलाय.