केसांचं औषध आणि अंधारातली लपवाछपवी

ताई,
माझं वय ३१. पाच महिन्यांची मुलगी आहे. वडिलांना चाळिशीच्या आतच टक्कल पडलं होतं. आता माझंही कपाळ दोन्ही बाजूंनी मागे सरकतंय आणि टाळूवरचे केस विरळ झालेत. दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांना न दाखवताच ५ टक्क्यांचं मिनोक्सिडिल आणलं. लवकर गुण यावा म्हणून सांगितल्याच्या दुप्पट लावतो. बायकोला यातलं काही माहीत नाही. ‘पुरुषाला कसलं आलंय रूप’ असं ऐकतच मी वाढलो. शिवाय तिला वाटेल, हा आता कुणासाठी नटतोय? म्हणून ती झोपली की अंधारात औषध लावतो आणि तसाच आडवा होतो. मुलगी रात्री उठली की माझ्या खांद्यावर झोपते, दिवसभरातलं तेवढंच सुख. पण गेले तीन आठवडे केस आधीपेक्षा जास्त गळायला लागलेत. बाथरूमच्या जाळीवर अडकलेला पुंजका मी बायकोच्या नजरेस पडायच्या आत उचलून टाकतो. उरलेसुरले केस या औषधानेच जाणार का? बंद करू का?
– एक वाचक

प्रिय वाचक,

तुम्ही विचारलंय केसांबद्दल, पण पत्रातल्या एका वाक्यावर मी अडकले. मुलगी रात्री तुमच्या खांद्यावर झोपते. केसांचं नंतर पाहू, आधी हे बोलू या.

डोक्याला लावलेलं मिनोक्सिडिल नीट वाळायला दोन ते चार तास लागतात. तुम्ही ते लावून लगेच आडवे होता, म्हणजे ते उशीच्या अभ्र्याला लागतं, मानेवर ओघळतं. मग लेक उठते, तुमच्या मानेत तोंड खुपसते, मुठीत तुमचे केस धरते आणि तीच मूठ तोंडात घालते. पाच महिन्यांचं मूल हेच करणार. २०२३ मध्ये स्पेनच्या नवारा भागात एका तान्ह्या बाळाच्या पाठीवर आणि पायांवर अचानक दाट लव वाढू लागली. चौकशी केल्यावर कळलं, बाळाला सांभाळायला वडील घरी होते आणि ते डोक्याला ५ टक्क्यांचं मिनोक्सिडिल लावत होते. बाळाचा त्या औषधाशी येणारा संपर्क थांबल्यावर लव गेली. युरोपातल्या इतरही काही बाळांच्या बाबतीत असंच घडल्याच्या नोंदी होत्या, आणि त्यानंतर तिथे औषधासोबतच्या माहितीपत्रकात तशी सूचना घालण्यात आली. लव जाते हे खरं, पण हे औषध रक्तदाब कमी करणारं आहे आणि तान्ह्या जिवाच्या अंगात ते जायलाच नको.

त्यामुळे आज रात्रीपासून झोपताना औषध लावणं बंद. संध्याकाळी लवकर लावा, पूर्ण वाळू द्या, लावल्याबरोबर हात साबणाने धुवा. उशीचा अभ्रा आजच बदला आणि यापुढे तुमची उशी लेकीच्या अंथरुणापासून लांब ठेवा. औषध ओलं असताना तिला घ्यायची वेळ आलीच, तर डोक्याला कापड बांधा आणि तिला मांडीवर घ्या, खांद्यावर नको. तिच्या अंगावर कुठे नेहमीपेक्षा जास्त लव दिसतेय का ते उजेडात बघा. दिसली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि औषधाचं नाव सांगा, म्हणजे ते भलत्याच तपासण्यांत अडकणार नाहीत. बाटलीही तिच्या हाती लागणार नाही अशी उंचावर, कुलपात ठेवा. आणखी दोन-तीन महिन्यांत ती रांगायला लागेल, आणि लहान मुलाने हे औषध गिळलं तर जिवावर बेतू शकतं. घरात मांजर असेल, तर मात्र हे औषध घरात ठेवण्याचाच फेरविचार करा. उशीला लागलेल्या थेंबाभर औषधानेही मांजर दगावू शकतं.

आता तुमच्या केसांकडे वळते. तीन आठवडे झोप उडाली असेल तुमची, आणि ती भीती मला अजिबात क्षुल्लक वाटत नाही.

डोक्यावरचे सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. बरेचसे वाढत असतात, काही विश्रांतीत असतात. विश्रांतीतला केस मुळाशी सैल होऊन नुसता टिकून असतो, आज ना उद्या पडणारच असतो. मिनोक्सिडिल ही विश्रांती आखडती घेतं आणि मुळाला पुन्हा वाढीला लावतं. खालून नवा केस यायला लागला की वरचा जुना सुटतो. एरवी जे केस महिनोन्‌महिने एकेक करून पडले असते, ते थोडक्या दिवसांत एकदम पडतात. औषध सुरू केल्यावर दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात ही गळती होते आणि मग आपोआप ओसरते. तुमचे तीन आठवडे नेमके त्यातलेच आहेत. कितीतरी लोक याच टप्प्यावर घाबरून औषध सोडतात. जुने केस गेलेले असतात आणि नव्यांना यायला वेळही मिळालेला नसतो. त्यामुळे नुसत्या या गळतीला घाबरून औषध सोडू नका. मात्र जागोजागी नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडले, टाळू लाल झाली, दुखली, किंवा त्वचेचे पापुद्रे सुटले, तर वाट बघत बसू नका. तो प्रकार वेगळा असू शकतो.

दुप्पट औषध मात्र ताबडतोब थांबवा. हे औषध मुळात उच्च रक्तदाबावरच्या गोळीचं होतं. ती गोळी घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर, हातांवर केस वाढू लागले, तेव्हा ते डोक्याला लावून बघायची कल्पना पुढे आली, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत २ टक्क्यांच्या द्रावणाला पुरुषांच्या टक्कलासाठी मान्यता मिळाली. म्हणजे डोक्याला लावलं तरी ते रक्तदाबाचंच औषध आहे. त्वचेतून फार थोडं आत जातं म्हणून ते चालतं, आणि तुम्ही नेमकं तेच प्रमाण वाढवताय. वर त्याने गुण लवकर येत नाही, कारण केसाच्या मुळाशी असलेलं एक विकर (एन्झाइम) या औषधाला कामाच्या रूपात बदलतं आणि ते विकर प्रत्येकाच्या अंगात ठरावीकच असतं. काहींच्या अंगात ते इतकं कमी असतं की त्यांना फारसा गुणच येत नाही. तेव्हा ५ टक्क्यांचं द्रावण एका वेळी १ मिली, दिवसातून दोनदा, बस. छातीत धडधड, चक्कर, पावलांवर किंवा चेहऱ्यावर सूज यांपैकी काहीही जाणवलं तर औषध बंद आणि डॉक्टर गाठायचे. आधीपासून हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, तर त्यांना विचारल्याशिवाय पुढचा थेंबही नको.

अंधारात लावताना आणखी एक चूक होत असणार. औषध केसांवर पडतं, टाळूपर्यंत पोचतच नाही. आरशासमोर, उजेडात, कोरड्या डोक्यावर भांग पाडून ड्रॉपरचं टोक त्वचेजवळ न्या, थेंब सोडा आणि बोटाने हलके पसरवा. त्यानंतर निदान चार तास डोकं धुऊ नका. खाज सुटली, कोंड्यासारखं काही निघायला लागलं, तर बहुतेक वेळा ते द्रावणातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉल या घटकामुळे असतं. हेच औषध फेसाच्या रूपात, म्हणजे फोम म्हणूनही मिळतं. त्यात ते नसतं, डॉक्टरांना विचारून तो घेता येईल.

अपेक्षा किती ठेवायची तेही सांगते, कारण बाटलीवरच्या जाहिराती हे सांगत नाहीत. चार महिन्यांच्या आत काही दिसेल असं धरू नका, खरा अंदाज सहा महिन्यांपासून वर्षभरात येतो. टाळूवर गुण जास्त येतो, कपाळाच्या दोन्ही कडांना बराच कमी. पुष्कळांना यातून मिळतं ते एवढंच की आहे ते टिकतं आणि थोडं भरतं. रोज आरशात बघून काही कळणार नाही. महिन्यातून एकदा त्याच जागी, त्याच उजेडात टाळूचा फोटो काढा. आणि औषध लावताय तोवरच त्याचा उपयोग आहे, सोडलंत तर तीन ते सहा महिन्यांत मिळवलेले केस जातात. तेव्हा गळतीचा हा टप्पा सरला की शांतपणे ठरवा, वर्षानुवर्षं दिवसातून दोनदा हे लावायची तुमची तयारी आहे का. नसेल, तर केस बारीक कापून निवांत राहणारे पुरुषही पुष्कळ आहेत आणि त्यांचं काही बिघडलेलं नाही.

पण हे ठरवण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना एकदा दाखवाच. वडिलांना टक्कल होतं म्हणून तुमचंही तेच, हा अंदाज बहुधा बरोबर आहे. तरी थायरॉइड, लोहाची कमतरता, दोन-तीन महिन्यांपूर्वी येऊन गेलेला मोठा ताप, यांनीही केस जातात आणि त्यांचा उपाय निराळा असतो. टक्कल रोखण्यासाठी दिली जाणारी फिनास्टेराइडसारखी गोळी तुम्हाला लागेल का हेही डॉक्टरांनीच ठरवायचं. ती मनाने सुरू करू नका.

आता बायकोबद्दल. जाळीवरचा तो पुंजका पुढच्या वेळी उचलाल तेव्हा जरा उलगडून बघा. त्यात लांब केस आहेत का? माझा अंदाज आहे, असतील. बाळंतपणानंतर साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून बायकांचे केस मूठ-मूठ गळतात. गरोदरपणात जे केस पडायचे थांबलेले असतात, ते नंतर एकदम सुटतात, आणि मुलाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेक जणींचे केस पुन्हा भरतात. तुमची लेक पाच महिन्यांची आहे. म्हणजे तुमच्याच घरात दुसरं माणूसही कदाचित कंगव्याकडे बघून घाबरत असेल आणि गप्प बसत असेल. तुम्ही तिच्याआधी जाळी साफ करता, तशी ती तुमच्याआधी कंगवा साफ करत असेल.

आणि समजा, तिलाच ती बाटली सापडली तर? दोन शक्यता आहेत. एक तर लपवलेली बाटली बघून तिच्या मनात तोच संशय येईल ज्याला तुम्ही घाबरताय. औषधात संशय घेण्यासारखं काही नाही, लपवण्यात आहे. नाहीतर स्वतःचे केस गळताना बघून तीच ते लावायला घेईल, आणि ती अंगावर पाजत असेल, तर हे औषध तिने लावायचं नाही. दोन्ही टाळायचं असेल तर ते तिला तुमच्याच तोंडून कळायला हवं.

पुरुषाला रूपाचं काय, असं म्हणणारी माणसं तुमच्या भल्यासाठीच म्हणत असतील, पण रोज आरशात स्वतःचा चेहरा बदलताना दिसला की कुणालाही वाईट वाटतं. त्यात कमीपणा काही नाही. बायकोला एवढं मोठं भाषण द्यायची गरजही नाही. लेक झोपली असेल तेव्हा बाटली तिच्यासमोर ठेवा आणि सरळ सांगा: ‘माझे केस जातायत, मला त्याचं वाईट वाटतं, म्हणून हे लावतोय. तुला सांगायला लाज वाटली. हे बाळाला लागता कामा नये, त्यात मला तुझी मदत हवी.’ मग तिच्या केसांची चौकशी करा आणि ती काय म्हणते ते ऐकून घ्या. ती हसली, तर लगेच दुखावून उठू नका. हसणं ओसरेपर्यंत थांबा आणि तिला टाळूवरची जागा दाखवा. भांग पाडून औषध नेमकं तिथे टाकायला दुसऱ्याचा हात बरा पडतो. हातमोजे घालून तिने ते काम केलं, तर तुमचं औषध डोक्यावर पडेल, उशीवर नाही.

– तुमची ताई