प्रवासासाठी वॉटरप्रूफ बॅग घेताना नेमकं काय पाहावं?

तुम्ही विचारलंय की भर पावसातल्या प्रवासासाठी हार्ड सुटकेस बरी की वॉटरप्रूफ डफेल (मऊ, लांबट बॅग), आणि लेबलवरच्या 'वॉटरप्रूफ' या शब्दावर कितपत विसंबायचं. आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण मी तिथेच फसलो होतो.

रात्रभराच्या प्रवासात माझी बॅग बसच्या टपावर होती आणि पाऊस थांबतच नव्हता. सकाळी बॅग उघडली तर वरचे कपडे दमट आणि खालचे चक्क पाण्यात बसलेले. कापड उत्तम होतं, त्यातून थेंबही झिरपला नव्हता. पाणी शिरलं चेन आणि शिवणीतून, आणि आतल्या कोटिंगमुळे ते बाहेर पडू शकलं नाही, तळाशी साचून राहिलं. त्यात तीन वर्षांच्या टिपणांची वही गेली. तिची हळहळ अजून वाटते, म्हणूनच जरा सविस्तर लिहितोय.

दुकानात आपण कापड चाचपतो. '१००० डेनियर' ऐकलं की बॅग भक्कम वाटते. पण डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. त्यावरून धागा किती जाड आहे ते कळतं, पाणी अडेल की नाही ते कळत नाही. पाणी अडवतं ते कोटिंग. काही उत्पादक त्याची क्षमता मिलिमीटरमध्ये देतात. १०,००० मिमी म्हणजे दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब ते कापड सोसतं. हा आकडाही फक्त कापडाचा असतो, अख्ख्या बॅगेचा नव्हे.

म्हणून बॅग आतून उलटी करून शिवणी बघा. सुईचं प्रत्येक भोक ही पाण्याला वाट असते. शिवणीवर आतून टेप चिकटवलेली असेल तर बरं, पण घड्या पडून पडून ती काही वर्षांत सुटू लागते. ताडपत्रीसारख्या पीव्हीसी किंवा टीपीयू (दोन्ही प्लास्टिकचेच प्रकार) कापडाचे जोड शिवण्याऐवजी उष्णतेने वितळवून एकजीव, म्हणजे वेल्ड, करता येतात. माझ्या मते खरी वॉटरप्रूफ बॅग तीच. पट्टे आणि हँडल कुठे जोडलेत तेही तपासा. पुष्कळदा बाकी सगळं वेल्ड केलेलं असतं आणि पट्टा मात्र आरपार शिवलेला असतो.

चेनचंही तसंच. वरून रबरासारखा गुळगुळीत थर असलेली चेन शिंतोडे अडवते, पण स्लायडर जिथे थांबतो त्या टोकाला फट राहतेच. पूर्ण हवाबंद चेन निराळी असते. ती जड, महाग आणि ओढायला घट्ट असते, शिवाय तिला अधूनमधून वंगण लागतं. त्यापेक्षा तोंड गुंडाळून बंद करायची रोल-टॉप बॅग सोपी. मात्र तोंड नीट सपाट करून किमान तीन वेटोळे घ्यायला हवेत, आणि त्यासाठी बॅग गच्च भरून चालत नाही. घेताना ही जागा हिशेबात धरा.

लेबलवर आयपीएक्स (IPX, वस्तू पाण्याला किती दाद देत नाही ते सांगणारी खूण) असेल तर पुढचा अंक वाचा. ४ म्हणजे चारही बाजूंनी उडणारे शिंतोडे, ६ म्हणजे जोरदार फवारा, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ७ चाचणी पार केलेली बॅग ६ मध्येही टिकेलच असं नाही, त्या दोन स्वतंत्र चाचण्या आहेत.

हार्ड सुटकेसचं कवच पाणी अडवतं, पण चेनवाली असेल तर दोष तोच. झाकणाच्या कडेला रबरी गॅस्केट आणि वर घट्ट क्लिपा असलेली पेटी खरोखर कोरडी राहते. कॅमेऱ्यासारखं सामान असेल तरच तिचं वजन सोसा.

तुम्ही होडीने किंवा दुचाकीवरून जाणार असाल तर वेल्ड केलेली रोल-टॉप डफेल घ्या. बस, रेल्वे, विमान एवढंच असेल तर साधी बॅग आणि आत तीन-चार हलक्या ड्राय बॅग (पाणी आत न जाऊ देणाऱ्या छोट्या पिशव्या) घ्या. कपडे एकीत, कागद दुसरीत, चार्जर तिसरीत. आता मी असंच करतो. बाहेरची बॅग भिजली तरी आतलं सुरक्षित राहतं, आणि ओले कपडे वेगळे ठेवता येतात. हे महत्त्वाचं आहे, कारण हवाबंद पिशवीत एक ओला टॉवेल राहिला तरी त्याचा दमटपणा सगळ्या कपड्यांना लागतो. नुसत्या रेन कव्हरवर मात्र विसंबू नका. ते पाठीची बाजू झाकत नाही आणि पाणी तिथूनच ओघळतं.

बॅग घरी आली की तपासून घ्या. रोल-टॉप असेल तर हवा कोंडून तोंड बंद करा आणि दाबा, सुसकारा येईल तिथे गळती. चेनवाली असेल तर आत वर्तमानपत्र भरून दहा मिनिटं शॉवरखाली धरा, सगळ्या बाजूंनी फिरवा, मग कागद कुठे भिजलाय ते बघा. बॅग परत करायची मुदत संपण्याआधी हे करा. आणि प्रवासाहून आल्यावर ती दमट असताना घडी करून कपाटात कोंबू नका, कापडावरचं पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग ओलाव्याने चिकट होऊन सुटायला लागतं.