तुझी अंगठी आधी तूच घालून बघ

प्रश्न: मी १९ वर्षांची आहे. ग्राफिक डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला शिकते, पण वहीच्या मागच्या पानांवर अंगठ्याच काढत बसते. सगळीकडे दिसते तशी एका हिऱ्याची नव्हे, तर ओपलची, न कापलेल्या खड्यांची, झाडाच्या फांदीसारखी वळलेली, हाताने घडवलेली साखरपुड्याची अंगठी मला डिझाइन करायची आहे. हे शिक्षण सोडून दागिन्यांच्या डिझाइनला प्रवेश घेऊ का? बाबा म्हणतात, हा छंद आहे, धंदा नाही. आणि मला डिझायनर व्हायचंय, कारागीर नाही. मग मी ऐरणीशी बसायची गरज आहे का? सोबत एक रेखाटन जोडलं आहे.

उत्तर: आधी बाबांचं बघू, कारण ते लवकर आटपेल. वेगळी अंगठी मागणारे लोक आजचे नाहीत. प्रिन्स अल्बर्टने राणी व्हिक्टोरियाला १८३९ मध्ये दिलेली अंगठी सापाच्या आकाराची होती, त्यात पाचू बसवलेला होता. १९८१ मध्ये डायनाच्या बोटात आली ती निळ्या नीलमची. साखरपुडा म्हणजे हिराच, ही समजूत विसाव्या शतकात डी बिअर्स या हिऱ्यांच्या कंपनीच्या जाहिरातींनी पक्की केली. तेव्हा गिऱ्हाईक आहे. ते तुझ्याकडे का येईल, हा प्रश्न मात्र बाबांनी विचारलेला नाही आणि तूही टाळला आहेस.

आता तुझं रेखाटन. ते सुंदर आहे, आणि ती अंगठी सहा महिन्यांत मोडेल. ओळखीच्या एका कारागिराला ते दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून एवढंच विचारलं, "ही स्वेटर घालताना काढून ठेवायची का?" खडा पकडणाऱ्या फांद्यांची टोकं तू बाहेर वळवली आहेस, ती लोकरीत, केसांत, पिशवीच्या बंदात अडकणार. एकदा अडकलं की टोक उचकटतं आणि खडा हलायला लागतो. बोटाच्या तळव्याकडची पट्टी तू १ मिलिमीटरपेक्षा बारीक काढली आहेस. दाराची मूठ, गाडीचं हँडल, भांडी, सगळा दाब तिथेच येतो.

आणि ओपल! मोह मला कळतो. पण त्याची कठीणता मोहस् मापावर (खनिजांवर चरा किती सहज पडतो ते १ ते १० मध्ये सांगणारं माप) साधारण ५.५ ते ६.५. आपल्या रोजच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, त्यांची कठीणता ७. म्हणजे रुमालाने कोरडी धूळ पुसली तरी ओपलवर चरे पडू शकतात. तोच ओपल कानात किंवा गळ्यात वर्षानुवर्षं नांदेल. अंगठीइतका मार दुसरा कुठलाच दागिना खात नाही. नीलम आणि माणिक ९ वर आहेत, म्हणून रोजच्या अंगठीत ते टिकतात. बरं, कठीणता हेही सगळं नव्हे. हिरा १० वर असूनही विशिष्ट दिशेने फटका बसला तर दुभंगतो. आणि जेड जेमतेम ६-७ ची असून अतिशय चिवट असते. पाचू ७.५ ते ८ चा, पण आत भेगा, आणि त्या दिसू नयेत म्हणून बहुधा तेल मुरवलेलं. ते कळलं नाही आणि अंगठी झाळताना, म्हणजे धातू तापवून जोडताना, तो तसाच ज्योतीखाली धरला, तर खडा गेलाच. तोही गिऱ्हाइकाच्या आजीचा असेल, तर विचारूच नकोस.

म्हणून तुझ्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट आहे: हो, बसावं लागेल. आयुष्यभर नाही, पण पहिली दोन वर्षं तरी. बारीक करवतीने पत्रा कापणं, कानस मारणं, तार ओढणं, झाळणं, कोंदण वळवणं हे हातांना कळल्याशिवाय तुझी पेन्सिल खोटं बोलत राहील. पुढे खडे बसवण्याचं काम तू दुसऱ्याला देशील, बहुतेक डिझायनर देतात. पण खड्याभोवती पट्टी वळवलेल्या कोंदणात तो बसेल की त्याला वरून पकडणाऱ्या नख्या हव्यात, हे तुला सांगता आलं पाहिजे. नाहीतर तो कारागीर तुझं डिझाइन त्याच्या सोयीने बदलेल, आणि बरोबरच करेल.

'हस्तनिर्मित' हा शब्दही जरा जपून वापर. संगणकावर आकार काढून, मेणात छापून, मग धातूत ओतून घेतलेली अंगठी वाईट नसते. गुंतागुंतीच्या नक्षीला तोच मार्ग सोयीचा. पण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी व्यापार-नियामक संस्थेची दागिन्यांबाबतची मार्गदर्शक तत्त्वं पत्रा-तारेसारख्या कच्च्या मालापासून सगळी घडण हाताच्या श्रमाने झाली असेल तरच हा शब्द वापरू देतात. तू दोन्ही शीक, आणि कुठली अंगठी कशी केली ते गिऱ्हाइकाला सांग.

प्रवेशाचं म्हणशील तर आत्ता शिक्षण सोडू नकोस. ग्राफिकचं शिक्षण वाया जात नाही. तुला रेषा येते, मांडणी येते. सुट्ट्यांत एखाद्या कार्यशाळेत किंवा कारागिराकडे बस. कुठल्याही अभ्यासक्रमाची फी भरण्याआधी एकच विचार: आठवड्याला प्रत्यक्ष टेबलावर किती तास काम, आणि किती तास पडद्यासमोर? उत्तर गुळमुळीत आलं तर निघून ये. रत्नांचं शास्त्र त्यानंतर. ब्रिटनमध्ये रत्नशास्त्राची परीक्षा १९१३ पासून होते, अमेरिकेतली जीआयए ही रत्नशास्त्राची संस्था १९३१ ची. रत्नपारखी होणं हा स्वतंत्र आणि बऱ्यापैकी स्थिर व्यवसाय आहे, हे बाबांना जरूर सांग.

धंद्याची एक गोष्ट मात्र आत्ताच ऐकून ठेव. साखरपुड्याच्या अंगठीला तारीख असते आणि ती पुढे ढकलता येत नाही. त्यात अनेकदा माप चोरून आणलेलं असतं. टायटॅनियमची किंवा चारी बाजूंनी खडे असलेली अंगठी नंतर लहान-मोठी करणं जवळपास अशक्य, हे आधी सांगावं लागतं. चित्रावर सही, धातूची आगाऊ रक्कम, आणि गिऱ्हाइकाचा खडा असेल तर त्याची जबाबदारी कोणाची, हे तिन्ही कागदावर. मैत्रिणीसाठी केलीस तरी.

तर तुला गृहपाठ. तुझी फांदीची अंगठी पितळेत किंवा चांदीत घडव, ओपलच्या जागी स्वस्त काच बसव आणि तीन महिने काढायची नाही. भांडी घासताना नाही, झोपताना नाही. मग मला फोटो पाठव, आणि पाठवण्याआधी ती घासूनपुसून चकचकीत करू नकोस.